पित्त आईचं, काळजी बाळाची

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. पोटात सारखी जळजळ व्हायची म्हणून माझी एंडोस्कोपी केली, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. सासूबाई म्हणतात, तुझ्या पोटातलं दुधातून लेकराच्या पोटात जाईल, वरचं दूध सुरू कर. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अंगावर पाजणं अजिबात थांबवू नका. सासूबाईंची काळजी खरी, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय.

हा जंतू पोटात शिरला की आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं. त्यातलं आयजीए नावाचं प्रतिपिंड दुधात उतरतं. त्याच्यावर प्रथिनाचं एक चिलखत असतं, त्यामुळे बाळाच्या पोटातल्या पाचकरसांत ते सहजी विरघळत नाही. ते रक्तात जात नाही. आतड्याच्या, जठराच्या अस्तरापाशीच राहतं आणि जंतूला चिकटून त्याला तिथे बिऱ्हाड करू देत नाही. सर्वांत जास्त आयजीए चिकात, म्हणजे बाळंतपणानंतरच्या पहिल्या दुधात. मी नोकरीला लागले तेव्हा चीक पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्यांशी रोज भांडण व्हायचं, ते यासाठीच.

तुमच्याच जंतूवर पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातल्या केनेबा गावात अभ्यास झाला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. तिथे तान्ह्या वयातच ही लागण होते. ज्या आयांच्या दुधात या जंतूविरुद्धचं आयजीए जास्त होतं, त्यांच्या बाळांना ती उशिरा झाली. उशिरा म्हटलंय, कधीच नाही असं नव्हे. बांगलादेशातल्या कॉलराच्या अभ्यासात (१९८३) तर वेगळीच गंमत दिसली : दुधातली प्रतिपिंडं जास्त असली तरी जंतू बाळाच्या पोटात पोचायचा, पण जुलाब मात्र कमी मुलांना व्हायचे.

जंतू घरातल्या घरात पसरतो, बहुधा तोंडावाटे. तेव्हा औषधाचा चमचा आधी स्वतः चाटून बघणं बंद. पुढे वरचं अन्न सुरू झालं की घास चावून मऊ करून भरवायचा नाही, मग तो आजीने असो की तुम्ही. आणि बाटली? ती नीट उकळली नाही तर भलतेच जंतू घरात येतील.

तुमच्या उपचारात एकाहून जास्त अँटिबायोटिक्स असतात. बाळ अंगावर पितं, हे डॉक्टरांना गोळ्या लिहून देण्याआधीच सांगा. त्यानुसार ते औषध निवडतील, किंवा घाई नसेल तर काही महिने थांबूही म्हणतील.