इव्ह्जड्रॉपिंग, वळचण आणि दोन फूट जागा

प्रश्न असा आलाय की चोरून ऐकण्याला इंग्रजीत 'इव्ह्जड्रॉपिंग' का म्हणतात, इव्ह्ज म्हणजे वळचण आणि ड्रॉप म्हणजे थेंब, मग यात कान आला कुठून? आणि मराठीत याला नेमका शब्द आहे का?

हा शब्द मुळात जमिनीच्या व्यवहारातला आहे. घराचं छप्पर भिंतीच्या पुढे येतं ती वळचण, पावसात तिथून पागोळ्या पडतात, आता त्या पागोळ्यांचं पाणी ज्या पट्ट्यावर पडतं तो पट्टा कोणाचा? तुमचा की शेजाऱ्याचा? इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या ८६८ सालच्या एका जमीन खरेदीच्या दस्तात असं लिहिलंय की रिवाजाप्रमाणे बाजूला दोन फूट जागा सोडली की पुरे, आणि ती कशासाठी तर 'यफेसड्रिपे' साठी, म्हणजे पागोळ्यांसाठी. तोच आपल्या शब्दाचा पूर्वज. म्हणजे आधी तो पाण्याचा थेंब होता, मग थेंब पडतो ती जागा झाली, आणि मग त्या जागेत, म्हणजे भिंतीला अगदी चिकटून, उभा राहून आतलं बोलणं ऐकणारा माणूस झाला 'इव्ह्जड्रॉपर'. नॉटिंगहॅमच्या दफ्तरात १४८७ ची नोंद आहे, सगळं वाक्य लॅटिनमध्ये आणि हा एकच शब्द इंग्रजीत, की अमुक माणूस नेहमीचा 'इव्हिसड्रॉपर' आहे आणि रात्रीबेरात्री भटकतो. लिहिणाऱ्याला लॅटिन शब्द सुचला नसावा किंवा गल्लीत लोक जे म्हणत होते तेच त्याने उतरवलं असावं, मला दुसरं जास्त पटतं.

पागोळ्यांच्या पाण्यावरून एवढी भांडणं का व्हायची हे बघायचं तर लंडनचं दफ्तर बघा. तिथे शेजाऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळी सुनावणीच असायची, १३०१ पासून १४३१ पर्यंतच्या नोंदी शिल्लक आहेत. मेयर आणि आल्डरमन, म्हणजे नगरपालिकेतले ज्येष्ठ सभासद, स्वतः जागेवर जाऊन बघायचे, शपथ घेतलेले गवंडी आणि सुतार बरोबर, आणि निकाल लागला की साधारण ४० दिवसांत दुरुस्ती करायची. नियम ११८९ च्या सुमाराचे, दगडी सामायिक भिंत तीन फूट जाड आणि १६ फूट उंच, दोघांनी आपापली दीड दीड फूट जागा द्यायची. संडासाचा खड्डा दगडाने बांधलेला असेल तर हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन फूट लांब. पन्हळ कोणाची, पाणी कोणाच्या अंगणात, कोणाचा लाकडी खांब त्या पाण्याने कुजला, असल्या तक्रारींचा पाऊस. आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगमधलं लीकेजचं भांडण आठवतं की नाही?

पण मला या नोंदींमध्ये जास्त इंटरेस्टिंग वाटतात त्या बघण्याच्या तक्रारी. १३३३ मध्ये अँड्र्यू द ऑब्री आणि त्याची बायको जोन यांनी तक्रार केली की सामायिक संडासाची फळ्यांची आडभिंत शेजाऱ्यांनी काढून टाकली, आता तिथे बसलेल्या माणसाचं बूड दिसतं आणि हे अगदी असह्य आहे. १३४१ मध्ये इझाबेल नावाच्या विधवेची तक्रार, शेजाऱ्याच्या खिडक्यांच्या काचा फुटल्यात आणि त्यातून त्याला आणि त्याच्या नोकरांना तिच्याकडचं खाजगी सगळं दिसतं. शेजाऱ्याच्या जागेवर उघडणारी खिडकी जमिनीपासून १६ फुटांच्या वरच हवी असा दंडक होता. तेव्हा मध्ययुगात लोकांना प्रायव्हसी माहीत नव्हती असं जे सर्रास म्हटलं जातं ते मला तरी पटत नाही, नसती तर खिडकीसाठी कोर्टात कोण गेलं असतं?

पुढे ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने १७६९ मध्ये इव्ह्जड्रॉपरची व्याख्या दिली ती पण भिंती, खिडक्या आणि वळचणीखाली उभं राहून ऐकणाऱ्यांची, आणि वर ऐकलेल्याची बदनामीकारक कहाणी रचणाऱ्यांची. नुसतं ऐकणं नाही, ऐकून गावभर करणं. हा गुन्हा इंग्लंड-वेल्समधून १९६७ च्या कायद्याने काढून टाकला, रात्री भटकण्याचा वेगळा गुन्हाही त्याच कलमात गेला.

आता मराठीचं. आपल्याकडे 'वळचणीला जाणं' म्हणजे आसरा घेणं, पेपरात रोज कोणीतरी सत्तेच्या वळचणीला गेलेलं असतं, तिथे कान टवकारून उभं राहणं हा अर्थ मराठीत आलाच नाही. 'कानोसा घेणं' जवळचं वाटतं पण त्यात चोरी नाही, दाराबाहेर चाहूल लागली तर आपण आपल्याच घरातून पण कानोसा घेतो. म्हणून भाषांतरात साधं 'चोरून ऐकणं' लिहा, आणि माणसाचा स्वभाव सांगायचा असेल तर 'भिंतीला कान लावून बसलेला' चालेल. 'वळचणीखालचा' असला नवा शब्द मात्र पाडू नका, वाचणाऱ्याला तो पावसात भिजू नये म्हणून उभा राहिलेला माणूस वाटेल.