वाचकांचे प्रश्न : दाराशी बाई उभी असताना विसावा कसा घ्यायचा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत मी एकट्या बायांसोबत काम करते. वारसनोंदी, मजुरीचे तंटे, तहसीलच्या चकरा. रविवारी उपासना आटोपली की बैठका, रात्री फोन. हल्ली प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते. पण नवरा गमावलेली बाई दाराशी उभी असताना मी विसावा घेऊ कशी? पाप वाटतं.

उत्तर : ताई, प्रार्थनेत लागणारी झोप पाप नाही. बायबलमधलं ‘पहिले राजे’ हे पुस्तक, अध्याय १९ वाचा. थकलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. देव त्याच्याशी सविस्तर बोलतो ते नंतर, होरेब डोंगरावर. तिथे ‘मीच एकटा उरलो’ हे त्याचं म्हणणंही खोडतो: अजून ७००० जण आहेत, आणि तुझ्या जागी अलीशाला अभिषेक कर. सोबतीण तयार करणं हा विसाव्याचाच भाग आहे.

बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (५:१५) शब्बाथाचं, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाचं, कारण मिसरातली (इजिप्तमधली) गुलामी हे आहे. गुलाम इस्राएलींनी उपासनेसाठी सुटी मागितली तर तिथल्या राजाने, फारोने, विटांसाठीचा पेंढा बंद केला आणि विटांची संख्या तीच ठेवली (निर्गम ५). फारोचा तो मुकादम न्यायाचं काम करणाऱ्याच्या मनातही बसतो, आणि त्याला देवाचा आवाज समजण्याची चूक फार होते.

करायचं असं. शनिवारी दिवस मावळल्यापासून रविवारी मावळेपर्यंत वेळ राखा. एवढा जमत नसेल तर सुरुवातीला रविवारी दुपारचे सहा तास. बैठक शनिवारी दुपारी ओढा. चारच्या सुमारास अपुरी कामं वहीत लिहा, प्रत्येकापुढे पुढची तारीख आणि माणसाचं नाव. तारीख नसलेलं काम रात्री डोक्यात फिरतं. मग फोन सोबतिणीकडे. पुढच्या आठवड्यात तिचा तुमच्याकडे.

दाराशी आलेल्या बाईसाठी लूक १४:५ ची कसोटी लावा: विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही काढायचाच. मारहाण, कोणी विष घेतलं, पोलिसांनी उचललं, बाळंतपण अडलं, तर लगेच उठा. तीन महिने तलाठ्याकडे पडलेला अर्ज सोमवारपर्यंत थांबतो. बाईला पाणी द्या, बसवा, सोमवारची वेळ सांगा आणि ती पाळा.

बिघडतं कुठे? पहिले तीन-चार आठवडे नुसती झोप येईल नाहीतर जीव तगमगेल. तेव्हा लांब प्रार्थना अंगावर घेऊ नका, एक स्तोत्र पुरे. उपासही नको. दुसरं, घरात पाहुण्यांचा स्वयंपाक वाढला तर विसावा फक्त पुरुषांचा होतो. भाकरी-ठेचा शनिवारीच करा, भांडी सगळ्यांनी घासायची. आणि विश्रांती घेऊनही दोन आठवडे झोप लागत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर ते नुसत्या थकव्याचं लक्षण नाही. डॉक्टरांना दाखवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत बहुतेक मजूर. कापूस वेचणीत रविवार सोडला तर किलोवरची मजुरी बुडते. त्यांना ‘रविवार पाळा’ म्हणावं का? (वर्धा जिल्हा)

उत्तर : नाही. अनुवाद ५:१४ ची आज्ञा घरधन्याला आहे: दास, दासी, परदेशी, बैल, गाढव सगळ्यांना विसावा द्यायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो, पोळ्याला जू ठेवत नाही. बैलाला कळतं ते वेचणाऱ्या बाईला का मिळू नये? म्हणून आधी मंडळीतल्या शेतमालकांशी बोला: रविवारी वेचणी नको, आणि त्या दिवसाची मजुरी आठवड्याच्या हिशेबात धरा. एकट्या मालकाला हे जड जातं, गावातले तीन-चार एकत्र आले तर जमतं. तोवर आठवडी बाजाराचा दिवस बघा. त्या दिवशी शेतात कमीच जणी जातात. बाजार करून आल्यावर संध्याकाळी सातला उपासना ठेवा, एक तासाच्या वर नको. बसायला सतरंजी, आधी चहा. पाठ वाचताना कोणी पेंगलं तर उठवू नका.