कैद्यांकडून तुरुंगाचा खर्च वसूल करावा का? आणि निर्दोष ठरलेल्यांचं काय?

कैद्यांना सरकारी जावयासारखं फुकट का पोसायचं, असं तुम्ही विचारलंय. राग समजतो, पण माझं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे. हा हिशेब एकदा सुरू झाला की निर्दोष माणसालाही सोडत नाही.

ब्रिटनमध्ये विन्सेंट आणि मायकेल हिकी या चुलतभावांना १९७९ साली एका खुनाबद्दल शिक्षा झाली. ती रद्द झाली १९९७ साली. भरपाई ठरवताना बुडालेल्या मिळकतीतून २५ टक्के कापले. का, तर बाहेर असते तर घरभाडं, जेवणखाण यावर पैसे गेलेच असते, ते वाचले! दोघं हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि २००७ मध्ये हरले. कागदावर हे गणित बरोबरही वाटेल. पण ज्याला कोंडून घातलं त्याने काटकसर केली, असं कसं म्हणायचं?

ब्रिटनमधल्याच अँड्र्यू माल्किन्सन यांचं तर ऐकवत नाही. बलात्काराच्या खोट्या ठपक्याखाली १७ वर्षं आत. शिक्षेची किमान मुदत सात वर्षांचीच होती, पण न केलेला गुन्हा कबूल करायला ते तयार नव्हते, म्हणून आणखी दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांचा जेवणखर्चही त्यांच्याच भरपाईतून कापला गेला असता. २०२३ मध्ये ते निर्दोष ठरले, लोक संतापले, तेव्हा कुठे सरकारने पुढच्या प्रकरणांसाठी ही कपात बंद केली. तरी पहिली रक्कम हातात पडायला २०२५ उजाडलं. तोवर सरकारी भत्ता आणि फूड बँकेचा शिधा.

खऱ्या गुन्हेगाराचं म्हणाल, तर अमेरिकेतलं कनेटिकट राज्य दिवसाला २४९ डॉलर लावायचं, म्हणजे वर्षाला नव्वद हजारांवर. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला आईवडिलांकडून वारशात काही आलं, की सरकार दारात. असा माणूस पुन्हा उभा कसा राहणार? २०२२ मध्ये तिथे ही वसुली फक्त गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली.

आणि इंग्लंड-वेल्समध्ये अजून एक अट आहे, २०१४ पासूनची. शिक्षा रद्द झाली एवढ्यावर भरपाई मिळत नाही, आपण गुन्हा केलेला नाही हे निःसंशय सिद्ध व्हावं लागतं. खटल्यात पुराव्याचं जे ओझं सरकारवर असतं, ते इथे वर्षानुवर्षं आत राहून आलेल्या माणसाच्या डोक्यावर. कपात गेली, ही अट मात्र तशीच आहे.