गोधडीच्या कव्हराची वही: डाग, न मिटणारी पाने आणि देवाणघेवाणीचा हिशेब

नमस्कार. आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. कापडी कव्हराच्या वहीवर खळ फुटून डाग पडतात, वही पुरी झाल्यावर नीट मिटत नाही, आणि १५ जणींच्या देवाणघेवाणीसाठी दोन महिन्यांत काय व किती करावे हे ठरत नाही. माझा सल्ला असा की पहिल्या खेपेस पुठ्ठा आणि खळ ही दोन्ही बाजूला ठेवावीत, गोधडीसारखे शिवलेले मऊ कव्हर करावे आणि पाने थेट त्यालाच शिवावीत. चिकटवण्याचे कामच उरले नाही की डागाचा प्रश्न मिटतो. वही न मिटण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा कव्हरात नसून कागदात असते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेला लोळलेले असतात. घडी त्या दिशेला समांतर पडली तर पाने सहज उलटतात; आडवी पडली तर पाने ताठरतात आणि वही तोंड वासून राहते. बाजारात मिळणाऱ्या ए४ कागदाचे तंतू बहुधा लांब बाजूने गेलेले असतात. त्यामुळे ए४ मधोमध दुमडून ए५ आकाराची वही केली की घडी तंतूंना आडवी येते, आणि नवखी माणसे नेमके हेच करतात. त्याऐवजी ए४ आधी कापून दोन ए५ तुकडे करावेत आणि मग प्रत्येक तुकडा दुमडावा. १०५ × १४८ मिलिमीटरची, म्हणजे ए६ आकाराची वही तयार होते आणि घडी तंतूंच्या दिशेनेच पडते. खात्री हवी असल्यास कागद न दुमडता दोन्ही दिशांनी नुसता वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, त्या दिशेने घडी घालावी. हातकागदाच्या बाबतीत हा फरक पुष्कळ कमी असतो, मात्र त्याच्या जाडीमुळे एका घडीत चारपेक्षा अधिक ताव घेऊ नयेत.

साधा ७५ जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद घेतल्यास ए४ चे ९ कागद पुरतात. त्यांचे १८ तुकडे होतात, सहा-सहा तुकडे एकात एक घालून दुमडले की तीन जुज तयार होतात, आणि ७२ पृष्ठांची वही हाती येते. खिशात मावणारी आणि कोणीतरी खरोखर भरून संपवू शकेल अशी वही एवढीच असावी, असे मला वाटते.

कव्हरासाठी जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन थर आणि वर आवडीचे कापड घ्यावे. वहीला लागणारे कव्हर शिवून १५४ × २२४ मिलिमीटर असावे, ज्यात पाठीचे ८ मिलिमीटर आणि तिन्ही कडांना ३ मिलिमीटर जादा धरलेले आहेत. कापड मात्र या मापाने कापू नये. धावदोऱ्याने कापड सर्व बाजूंनी आवळत जाते. टाके जितके दाट, तितके ते अधिक आक्रसते. माझ्या पहिल्या चार वह्यांची पाने कव्हराबाहेर डोकावत होती ती याचमुळे. २० × २८ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन आधी संपूर्ण शिवावा, एक रात्र तसाच पडू द्यावा, मग मापून कापावा आणि कडांना गोट लावावा. गोट लावणे ज्यांना जिवावर येते त्यांनी कर्नाटकाच्या उत्तर कन्नड भागातील सिद्दी या आफ्रिकी मुळाच्या समाजातील स्त्रियांच्या कवंदीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची, रीत वापरून पाहावी. त्या काठापासून सुरुवात करून आत-आत शिवत जातात, कडा दुमडतच पुढे सरकतात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. या रीतीत गोटाची गरज पडत नाही, पण नेमके माप साधणे कठीण असते, म्हणून कव्हर थोडे सैल धरावे लागते.

आता शिवणीकडे येऊ. प्रत्येक जुजाच्या घडीवर तीन छिद्रे पाडावीत, एक बरोबर मध्यभागी आणि दोन वर-खाली कडांपासून २५ मिलिमीटरवर. कव्हराच्या पाठीवरही त्याच उंचीवर तीन-तीन छिद्रांच्या तीन उभ्या ओळी, एकमेकींपासून ३ मिलिमीटर अंतरावर, आखून घ्याव्यात. दाभण कागदासाठी फार जाड पडतो; गोधडीच्या सुईचे मागचे टोक बुचात खोचून केलेला टोचा उत्तम चालतो. दोरा सुती आणि मेण लावलेला हवा, कारण नायलॉनचा दोरा कालांतराने कागद चिरतो. एका जुजासाठी ४५ सेंटिमीटर दोरा घ्यावा. जुजाच्या आतून सुई मधल्या छिद्रातून बाहेर काढावी आणि चार बोटे दोरा आत राहू द्यावा. बाहेरून वरच्या छिद्रातून आत यावे, मधले छिद्र वगळून थेट खालच्या छिद्रातून बाहेर पडावे आणि बाहेरून पुन्हा मधल्या छिद्रातून आत यावे. या शेवटच्या फेरीत सुईने आधीचा दोरा भोसकला जाणार नाही, याची काळजी घ्यावी. आता आत एक लांब टाका दिसेल. दोऱ्याचे एक टोक त्याच्या डावीकडे आणि दुसरे उजवीकडे आणून, तो टाका कवेत घेऊन निरगाठ मारावी. दोरा ओढताना नेहमी पाठीच्या दिशेने, म्हणजे वर-खाली ओढावा. आपल्याकडे ओढल्यास छिद्र फाटते आणि ते दुरुस्त करता येत नाही.

कापडाच्या रंगाबद्दल एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी मी एका गडद लाल खणाचे कव्हर करून पाठवले. ऐन पावसाळ्याचे दिवस होते, पाकिटाला ओल लागली आणि पोहोचली तेव्हा वहीची प्रत्येक कड अळिता लावल्यासारखी लाल झालेली होती. तेव्हापासून प्रत्येक कापड मी आधी धुतो आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहतो. रुमालाला रंग लागला तर मीठ-व्हिनेगरचे घरगुती उपाय करत बसू नये. ते कापड दुसऱ्या कामासाठी ठेवावे. धुण्याचा दुसरा फायदा असा की नव्या कापडातील कांजी निघून जाते आणि सुई सहज चालते.

पुठ्ठ्याचेच कव्हर करायचे असेल, तर डागांचे कारण ध्यानात घ्यावे. खळ पातळ असते आणि ती थेट कापडाला लावली जाते, म्हणून ती विणीतून वर येते. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घेऊन, सतत ढवळत, चकाकी येईपर्यंत शिजवावे, गार झाल्यावर गाळावे आणि ही घट्ट खळ पुठ्ठ्याला लावावी, कापडाला नाही. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे कापडाला आधी मागून पातळ, चिवट कागद चिकटवून, पूर्ण वाळवून मगच ते वापरणे. कृत्रिम धाग्याचा खण खळ शोषत नाही, तो पुठ्ठ्यासाठी घेऊच नये. पुठ्ठा वाकतो तो एकाच बाजूला ओल लागल्यामुळे, म्हणून आतल्या बाजूलाही कागद चिकटवावा आणि कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर वजन द्यावे. आमच्या घरी त्यासाठी आजीचा पाटा वापरतात. मिक्सर आल्यापासून त्याला दुसरे काम उरलेले नाही. कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत असत. ते विषारी आहे, आणि वही कोणाच्या घरी, कोणत्या मुलाच्या हाती जाणार हे आपल्याला ठाऊक नसताना ते घालू नये.

देवाणघेवाणीचा हिशेब मात्र काटेकोरपणे करावा. मला अशी एक वही पूर्ण करायला सुमारे सहा तास लागतात. प्रत्येकीने उरलेल्या १४ जणींना एकेक द्यायची म्हटले तर ८४ तास होतात, म्हणजे दोन महिने रोज जवळजवळ दीड तास. तिसरी वही मन लावून होते, दहावी उरकली जाते, आणि ती उरकलेली वही ज्या व्यक्तीला मिळते तिला ते कळते. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीने एकीला द्यावे आणि एकीकडून घ्यावे, किंवा तीन-तीन जणींचे पाच गट करावेत, जेणेकरून प्रत्येकीच्या वाट्याला दोनच वह्या येतील. या दोन्ही पद्धती मी पार पडलेल्या पाहिल्या आहेत. सर्वांनी सर्वांना देण्याची पद्धत मोठ्या गटात शेवटपर्यंत गेलेली पाहिलेली नाही.

आकार आधीच ठरवून टाकावा. १९९७ साली झुरिकमध्ये एम. व्हेन्ची श्टिर्नेमान या कलाकाराने सुरू केलेल्या अदलाबदलीच्या छोट्या चित्रकार्डांचे उदाहरण घ्यावे. त्यांचे माप ६४ × ८९ मिलिमीटर, म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढे असते. ती विकायची नाहीत, बदलायची, एवढाच दुसरा मुख्य नियम. आत काय चितारावे यावर बंधन नाही. आपल्या गटातही माप, पृष्ठसंख्या आणि पाठवण्याची शेवटची तारीख एवढेच ठरवावे. कापड, रंग, टाके ज्याच्या-त्याच्यावर सोडावेत. घरात मांजर आहे का आणि कापडाला डांबरगोळीचा वास चालेल का, हे मात्र विचारून घ्यावे.

आपले काम समोरच्या व्यक्तीच्या तोडीचे नसेल, ही आपली शंका मला समजते, पण ही वही रुखवतात मांडायची नाही. टाके थोडे वाकडे असले तरी चालते. निरगाठ सुटणे, पाने निखळणे, गोट उसवणे हे चालत नाही. म्हणून पहिली वही स्वतःजवळ ठेवून दोन आठवडे वापरावी आणि दुसरी किंवा तिसरी पाठवावी. आजीच्या लुगड्याचा एकुलता एक तुकडा पाठवू नये. पुढे हळहळ वाटते, आणि घेणाऱ्याला त्याची कथा माहीत नसते. एक वही जादा करून ठेवावी. दर खेपेस कोणीतरी आजारी पडते किंवा नुसतेच गप्प होते, आणि तिच्याकडून ज्या व्यक्तीला मिळायचे असते ती रिकाम्या हाताने राहते. माझ्यावरही ही वेळ दोनदा आलेली आहे. गटात अशा दोन-तीन जादा वह्या असल्या की कोणाला जाब विचारत बसावे लागत नाही.

पाठवताना वही प्रथम प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवावी, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालेले असल्याने आता स्पीड पोस्टनेच पाठवावे आणि पावतीवरील क्रमांक त्याच दिवशी समोरच्या व्यक्तीला कळवावा. पत्त्याची एक प्रत पाकिटाच्या आतही ठेवावी, कारण पावसात वरची शाई सर्वांत आधी पुसली जाते.