तिकीट युनायटेडचं, विमान कुणाचं?

प्रश्न : लेकीकडे अमेरिकेला चालले आहे. डेन्व्हरहून पुढच्या प्रवासाच्या तिकिटावर युनायटेड या विमान कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'स्कायवेस्ट' लिहिलंय. फसवणूक तर नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : छे हो ताई, निर्धास्त जा. स्कायवेस्ट यूटा राज्यातल्या सेंट जॉर्जची, 1972 पासूनची कंपनी. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन, अलास्का अशा चार विमान कंपन्यांसाठी उडते, त्यांचेच रंग लावून. तिकीटविक्री आणि वेळापत्रक युनायटेडकडे. वैमानिक, देखभाल स्कायवेस्टकडे. करारातल्या उड्डाणांचे ठरलेले पैसे तिला मिळतात, मग निम्म्या खुर्च्या रिकाम्या का असेनात!

विमान छोटंच असेल. युनायटेडच्या वैमानिकांनी आपल्या कंपनीशी केलेल्या करारातच अशा दुसऱ्या कंपनीकडून उडवल्या जाणाऱ्या विमानांना 76 खुर्च्यांची मर्यादा घालून घेतलीय. नाहीतर तिथल्या कमी पगाराच्या वैमानिकांकडे सगळंच काम गेलं असतं. बरंच केलं म्हणते मी.

पन्नास खुर्च्यांचं 'सीआरजे' नावाचं छोटं जेट विमान मिळालं, तर चाकांची हातबॅग वरच्या कप्प्यात मावत नाही. दाराशी टॅग लावून ती घेतात, उतरल्यावर बहुधा दाराशीच देतात. औषधं, पासपोर्ट आधीच पर्समध्ये काढा. आणि डेन्व्हरला विमान चुकलंच, तर स्कायवेस्टचा काउंटर शोधत हिंडू नका. सरळ युनायटेडच्या माणसाला गाठा.