सुई उचलण्याआधी

प्रिय डॉक्टर,

(सवय व्हायची आहे अजून या हाकेची, माहीत आहे.)

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. पोराच्या हनुवटीला सिल्कच्या धाग्यानं टाके घातले म्हणून सरांनी सगळ्यांसमोर झापलं, आणि आता नायलॉन की व्हिक्रिल (तो विरघळणारा धागा), सुटे टाके की सलग, सगळ्याचाच गोंधळ. तुझे प्रश्न मोजले, ९ आहेत. जखम धुतलीस कशी, हे एकाही ओळीत नाही. पोर खडीवर सायकलवरून पडलं होतं ना?

सर चुकले नाहीत. सिल्क विणलेलं असतं, त्याच्या पेडांत जंतू दडून बसतात. चेहऱ्याला ५-० किंवा ६-० नंबरचं, म्हणजे बारीक, नायलॉन. धागा एकेरी आणि निसरडा, म्हणून गाठीला चार-पाच फेरे दे. टाके पाचव्या दिवशी काढ. डोक्याचे ७ ते १०, पायाचे १० ते १४ दिवसांनी. व्हिक्रिल आतल्या थराला. ताण त्यानं घ्यायचा, वरच्या कडा नुसत्या टेकल्या पाहिजेत. कातडी पांढरी पडली तर गाठ आवळलीस असं समज, कारण उद्या सूज येणारच आहे. झालं धाग्याचं प्रकरण. हे पुस्तकातही आहे.

पुस्तकात असूनही मी जे केलं नाही ते सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष. रात्री एक ऊसतोड कामगार आला, नडगीवर कोयता लागलेला. भूल देण्याआधीच मी सिरिंजनं जखमेवर सलाइन मारून धुवायला घेतलं. तो ओरडला, पाय ओढून घेतला, आणि मी दोन सिरिंजवर थांबलो. मग भूल दिली आणि अकरा टाके असे घातले की सिस्टर म्हणाल्या, मशीनवर घातल्यासारखे. चौथ्या दिवशी पाय लाल, तट्ट फुगलेला. मधला टाका कापला तर पुवाबरोबर पाचटाचा तुकडा बाहेर आला, नखाएवढा. ऐन हंगामात त्याची तीन आठवड्यांची मजुरी गेली. टाके सुंदरच होते.

म्हणून आधी भूल, मग धुणं, मग धागा. भूल जखमेच्या आतल्या कडेतून दे, कमी दुखतं. साधं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, मी किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर कधी नेलं नाही. २० किलोच्या पोराला २ टक्क्यांचं ३ मिली, बस. मग २० मिलीची सिरिंज, १८ नंबरची सुई, आणि जोर लावून धू. सेंटिमीटरला निदान ५० मिली. सलाइन संपलं तर नळाचं पिण्याचं पाणी चालतं, पण धू. मग बोटानं आणि डोळ्यानं तळ बघ, आणि परत धू. सुश्रुतानं धूळ, केस, नखं काढल्याशिवाय शिवू नये, नाहीतर जखम पिकते, असं लिहून ठेवलंय, आणि आपण अजून धाग्याच्या पाकिटावरचे आकडे वाचत बसतो!

कुत्रा चावला असेल तर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. शिवायची घाई नाहीच. शेणामातीची, उशिरा आलेली जखमही धुऊन, गॉज भरून उघडी ठेव. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शीव. नातेवाईक म्हणतील, डॉक्टरला टाके घालता येत नाहीत. म्हणू देत.

मलाही म्हणाले. एका जखमेला हा माणूस पाऊण तास लावतो, बाहेर रांग लागलीय, असा शेरा वरिष्ठांनी दिला होता. त्या रांगेतल्या किती जणांना मी परत उघडलं, ते मात्र कुणी मोजलं नाही. मी मोजायचो. डायरी आहे, आलास तर दाखवीन. असो, हे तुझ्यासाठी नाही, माझं मलाच अजून बोचतं.

पोराला उद्याच बोलावून हनुवटी बघ. लाली, ऊब, ठणका वाटला तर एक टाका काढून आत बघ, लाजू नकोस. आणि तू पाठवलेला फोटो टाके घातल्यानंतरचा आहे. पुढच्या वेळी मला धुतल्यानंतरचा पाठव.