वाचकांचे प्रश्न : कंट्रोलर हाताला नेमके काय सांगतो?

प्रश्न : मी घरी प्लेस्टेशन ४ वर खेळतो. अलीकडे मित्राकडे प्लेस्टेशन ५ वर खेळताना वाळूवरची चाल आणि बर्फावरची चाल हाताला स्पष्टपणे वेगवेगळी जाणवली. थरथर तर दोन्ही कंट्रोलरमध्ये असते. मग नव्या कंट्रोलरमध्ये अधिक ताकदीची मोटर बसवली आहे का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हा फरक ताकदीचा नसून नियंत्रणाचा आहे. १९९७ साली निन्टेन्डो ६४ या गेमयंत्राच्या कंट्रोलरला जोडायचे रंबल पॅक हे कंपन देणारे साधन आले आणि त्याच वर्षी सोनीने जपानमध्ये आपल्या प्लेस्टेशनसाठी ड्युअलशॉक हा कंट्रोलर आणला. तेव्हापासून आपल्याकडील प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरपर्यंत मूळ रचना फारशी बदललेली नाही. मोटरच्या आसावर एका बाजूला जड असलेला धातूचा तुकडा बसवलेला असतो आणि तो फिरू लागला की तोल ढळून सारा कंट्रोलर हादरतो. एका मुठीत मोठे वजन आणि दुसऱ्या मुठीत लहान वजन ठेवून जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे कंपन मिळवले जाते. परंतु या रचनेत कंपनाची तीव्रता आणि वारंवारता एकमेकींना बांधलेल्या असतात; जोर वाढवायचा तर वेग वाढवावाच लागतो. शिवाय वजनाला जडत्व असल्याने पूर्ण वेग घेण्यात आणि पुन्हा थांबण्यात सेकंदाचे काही शतांश निघून जातात. पावसाचा थेंब पडण्याचा क्षण त्याहून छोटा असल्यामुळे अशा मोटरकडून थेंबाऐवजी नुसती घरघर हाताला मिळते.

निन्टेन्डोने २०१७ च्या स्विच या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्ये फिरत्या वजनाऐवजी स्प्रिंगवर मागेपुढे हलणारे वजन वापरले आणि २०२० च्या ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये, सोनीने व्हॉइस कॉइल बसवली. स्पीकरमध्ये चुंबकाच्या क्षेत्रातील तारेचे वेटोळे जसे विद्युतप्रवाहाबरोबर हलते, तसेच ते येथेही हलते. त्यामुळे गेम तयार करणाऱ्यांना कंपनाचा आकार जवळजवळ ध्वनिमुद्रणासारखा घडवता येतो. वाळूसाठी विस्कळीत, खरखरीत ठोके आणि बर्फासाठी तुरळक, टोकदार ठोके असे ते घडवले जातात.

ही सूक्ष्मता कळण्याइतका आपला हात तयार असतो, हे मला या साऱ्यातले सर्वांत विलक्षण वाटते. तळहाताच्या त्वचेत मर्केल पेशी सततचा दाब टिपतात, माइसनर कणिका मंद फडफड टिपतात आणि खोलवरच्या पॅसिनी कणिका सुमारे २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५० वेळा होणाऱ्या, कंपनाला सर्वाधिक संवेदनशील असतात. स्पर्शाच्या या संवेदनेमागील पिएझो नावाच्या प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. पॅसिनी कणिका दाब सुरू झाला आणि सुटला, या दोन बदलांना तत्परतेने दाद देतात, तर कंपन सतत चालू राहिले की त्वचेची जाण बोथट होत जाते. म्हणूनच प्रत्येक स्फोटाला आणि प्रत्येक वळणाला कंट्रोलर गदागदा हलवणारे गेम मला या साधनाचा अपव्यय वाटतात. ड्युअलसेन्ससाठी गेम निवडताना आपण ॲस्ट्रोज प्लेरूम अवश्य खेळून पाहावा, कारण कुठे थांबायचे हे त्यात उत्तम जाणले आहे.

प्रश्न : व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट लावून मी तलवारीचा खेळ खेळतो. भिंतीवर तलवार आपटली की कंट्रोलर टिक् करून थरथरतो, पण माझा हात मात्र भिंतीतून आरपार जातो. हात खरोखर थांबवणारा कंट्रोलर का बनवत नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कारण हात थांबवण्यासाठी त्याला कशावर तरी रेटा द्यावा लागेल आणि हवेत धरलेल्या कंट्रोलरला तसा आधारच नसतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून येथे सुटका नाही. ड्युअलसेन्सच्या ट्रिगरमध्ये, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणात, लहान मोटर आणि गिअर असल्याने धनुष्याची दोरी ताणल्यासारखा खरा विरोध बोटाला जाणवतो. पण तेथे बोटावरचा रेटा त्याच हाताच्या तळव्यावर पेलला जातो, म्हणून ते साधते. मनगटासकट सारा हात अडवायचा तर यंत्राची दुसरी बाजू टेबलाशी, जमिनीशी किंवा निदान धडाशी जखडावी लागते.

असे यंत्र अस्तित्वात आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम नावाचा टेबलावर ठेवायचा यांत्रिक बाहू तयार केला. त्याच्या टोकाशी लेखणी किंवा बोटात घालायची टोपी असते आणि आभासी वस्तूचा पृष्ठभाग आला की मोटर हाताला अडवतात. शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणात अशा बाहूंचा उपयोग झाला. परंतु खोलीभर फिरत तलवार चालवायला तो बाहू पुरत नाही. बोटे मागे खेचून धरणाऱ्या हातमोज्यांचीही मर्यादा हीच आहे. त्यांनी आभासी चेंडूची गोलाई जाणवते, पण चेंडू उचलताना त्याचे वजन जाणवत नाही.

मग व्हीआर घडवणारे डोळ्यांची मदत घेतात. आपला हात भिंतीच्या आत गेला तरी पडद्यावरची तलवार बाहेरच रोखून धरायची आणि नेमक्या त्याच क्षणी छोटा, कडक ठोका द्यायचा, एवढे साधले की मेंदू दोन्हींचा मेळ घालून टणकपणा मान्य करतो. ठोका जरा जरी उशिरा आला तरी हा मेळ मोडतो, हे आपण चांगल्या आणि सुमार गेमची तुलना केल्यास लगेच ध्यानात येईल. एका दिशेने झटकन आणि उलट दिशेने सावकाश हलणाऱ्या कंपनाने हात ओढला जात असल्याचा भास निर्माण होतो, हेही जपानमधील संशोधकांनी दाखवले आहे. तो भास मंद असतो, तरी हातात धरायच्या साधनासाठी मला तीच वाट अधिक आशादायक दिसते.

प्रश्न : माझा मुलगा सुट्टीत तासन्‌तास कंट्रोलर हातात धरून बसतो. या कंपनाने हाताला अपाय होतो का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, खडक फोडणाऱ्या यंत्रांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना हाताचा जो कंपनजन्य विकार होतो, त्याच्याशी खेळण्याच्या कंट्रोलरची बरोबरी करता येत नाही. तरीही २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १५ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली होती. तो दिवसाला ७ तासांपर्यंत, बहुतेक वेळ कंपन चालू ठेवून खेळत असे आणि थंडीत त्याचे हात पांढरे पडून सुजत व दुखत. एका रुग्णावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही; मात्र तेवढ्यावरून काळजी घेणे शहाणपणाचे ठरते.

प्लेस्टेशन ५ च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसरीज या भागात कंपनाची तीव्रता आणि ट्रिगरचा विरोध हे दोन्ही वेगवेगळे कमी किंवा पूर्ण बंद करता येतात. ट्रिगरचा विरोध बोटांना अधिक थकवतो, म्हणून तो आधी कमी करावा. गेमची मजा त्याने फारशी उणावत नाही. मुलाला अधूनमधून कंट्रोलर खाली ठेवून हात मोकळे करण्याची सवय लावावी. बोटे वारंवार पांढरी पडू लागली, बधिर झाली किंवा खेळ थांबल्यावरही मुंग्या येत राहिल्या, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे आणि तो रोज किती वेळ खेळतो हे त्यांना न लपवता सांगावे.